पोतोचारीचं फाटक

बोस्नियातल्या स्रेब्रेनित्साचा विषय निघाला की आधी आकडा येतो. जुलै 1995 मध्ये आठ हजारांहून अधिक बोस्नियाक मुस्लिम पुरुष आणि मुलगे तिथे मारले गेले. पाठोपाठ शांतिसेनेच्या अपयशाची चर्चा येते. दोन्ही खरं आहे, पण एवढ्या मोठ्या पटावर कुणाचीच जबाबदारी नीट ठरत नाही. न्यूयॉर्क, म्हणजे संयुक्त राष्ट्रसंघाचं मुख्यालय, झाग्रेबमधल्या शांतिसेनेच्या मुख्यालयाकडे बोट दाखवतं, झाग्रेब हेगमधल्या डच सरकारकडे, हेग परत न्यूयॉर्ककडे. म्हणून या लेखात मी पट मुद्दाम लहान करतो आहे. तारीख 13 जुलै 1995, वेळ संध्याकाळची, जागा स्रेब्रेनित्साजवळच्या पोतोचारी गावातला, शांतिसेनेतल्या डच बटालियनचा तळ. तळाच्या आत हजारो निर्वासित, आणि त्यांत साधारण 350 पुरुष. बाहेर बोस्नियन सर्ब सैन्य. मध्ये फाटक, आणि ते फाटक डच सैनिकांच्या ताब्यात.

त्या संध्याकाळी हे पुरुष त्या फाटकातून बाहेर गेले आणि जवळपास सगळे मारले गेले. त्यांना बाहेर पाठवण्यात कुणाची चूक होती आणि दुसरं काही करता आलं असतं का, एवढाच प्रश्न इथे घेतला आहे.

तळ तिथे आला कसा

एप्रिल 1992 मध्ये बोस्नियात युद्ध पेटलं. द्रिना नदीच्या पट्ट्यात बोस्नियन सर्ब सैन्याने गावंच्या गावं रिकामी केली आणि हाकललेले बोस्नियाक लोक स्रेब्रेनित्सात गोळा होत गेले. डोंगरांनी वेढलेलं लहानसं खाणगाव ते. हजारो माणसं तिथे उपाशीपोटी वेढ्यात अडकली. मार्च 1993 मध्ये राष्ट्रसंघाच्या बोस्नियातल्या सैन्याचे प्रमुख, फ्रेंच जनरल फिलिप मोरियों, तिथे पोचले तेव्हा लोकांनी त्यांची वाट अडवली, परत जाऊ देईनात. अखेर मोरियोंनी जमावासमोर जाहीर केलं की तुम्ही आता राष्ट्रसंघाच्या संरक्षणाखाली आहात, मी तुम्हाला सोडणार नाही. महिन्याभरात, 16 एप्रिल 1993 रोजी, सुरक्षा परिषदेने ठराव 819 मंजूर करून स्रेब्रेनित्सा 'सुरक्षित क्षेत्र' ठरवलं.

राष्ट्रसंघाच्या या शांतिसेना मोहिमेचे पहिले सेनाप्रमुख भारतीय होते: मराठा लाइट इन्फन्ट्रीतले लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार. मार्च 1992 पासून वर्षभर त्यांनी ती धुरा वाहिली आणि मुदतवाढ न घेता ते परतले. सुरक्षित क्षेत्राची कल्पना त्यांच्यानंतर आली. हे सांगण्याचं कारण असं की मुळात हे सैन्य क्रोएशियातली शस्त्रसंधी सांभाळण्यासाठी उभं केलं होतं. झालेली शांतता टिकवायची, दोन्ही बाजूंशी बोलत राहायचं, गोळी शक्यतो झाडायची नाही, अशी त्याची घडण. बोस्नियात टिकवण्याजोगी शांतता नव्हतीच, पण सैन्य तेच राहिलं.

जून 1993 मध्ये ठराव 836 आला. आता सुरक्षित क्षेत्रांची संख्या सहा झाली होती आणि तिथल्या हल्ल्यांना आळा घालण्याचं काम या सैन्याकडे आलं. बळ मात्र वापरायचं ते स्वसंरक्षणासाठी, असंही त्याच ठरावात लिहिलेलं. हे काम धाक बसेल इतपत करायचं तर सुमारे 34,000 जादा सैनिक लागतील, असा अंदाज राष्ट्रसंघाच्याच अधिकाऱ्यांनी दिला होता. परिषदेने हलका पर्याय निवडला, 7,600 सैनिकांचा. ज्या देशांनी ठरावाच्या बाजूने हात वर केले, त्यांतले बहुतेक स्वतःचे सैनिक पाठवायला तयार नव्हते. माझ्या मते या प्रकरणातला पहिला नैतिक गुन्हा इथे घडला. माणसांना सांगितलं की इथे या, इथे तुम्हाला धोका नाही, आणि ते वचन पाळण्याइतकं बळ आपण देत नाही आहोत हे वचन देतानाच माहीत होतं. स्रेब्रेनित्साला काहीच म्हटलं नसतं तर कदाचित अधिक लोक आधीच तिथून निसटले असते.

दुसरी बाजूही इथेच नोंदवली पाहिजे. सुरक्षित क्षेत्र निःशस्त्र करायचं ठरलं होतं, ते पुरतं झालं नाही. आत नासेर ओरिचच्या हाताखालचे बोस्नियाक सैनिक होते. त्याआधी, जानेवारी 1993 मध्ये, ऑर्थोडॉक्स नाताळच्या दिवशी त्यांनी क्रावित्सा या सर्ब गावावर हल्ला केला होता आणि पुढेही आतून बाहेर धाडी पडत राहिल्या. त्या धाडींत सर्ब माणसं मेली. हा राग खरा होता आणि बोस्नियन सर्ब सैन्याचा प्रमुख म्लादिच याने तो पुरेपूर वापरला. पण सैनिकांनी घातलेल्या धाडीची किंमत त्यांच्या गावातल्या नि:शस्त्र माणसाकडून वसूल करायची नाही, हा युद्धाच्या नियमांचा पायाच आहे. कैद झालेल्या सैनिकालाही मारता येत नाही. तेव्हा या धाडींचा दाखला 13 जुलैच्या बाबतीत कुठल्याही बाजूने लागू पडत नाही, तो तिथे आणूच नये.

तळाची हालत

डच सैन्य 1994 च्या सुरुवातीला आलं. जानेवारी 1995 पासून तिसरी तुकडी तिथे होती, प्रमुख लेफ्टनंट कर्नल थॉम कारेमन्स, उपप्रमुख मेजर रॉबर्ट फ्रांकन. रसदीचा रस्ता सर्ब सैन्याच्या हद्दीतून. त्यांनी तो हळूहळू आवळत नेला. इंधन संपत आलं, गस्त पायी घालावी लागू लागली, ताजं अन्न बंद झालं, रजेवर गेलेले सैनिक परत येऊ दिले नाहीत. उरलेले चारशेच्या आसपास, त्यातले बरेच विशीतले पोरगे, हलकी शस्त्रं घेऊन.

6 जुलैला हल्ला सुरू झाला. चौक्या एकेक करून पडल्या. 8 जुलैला चौकी सोडून मागे येणारा एक डच सैनिक बोस्नियाक सैनिकाच्या ग्रेनेडने मेला, कारण ते लोक डचांना मागे सरू देत नव्हते. काही डच सैनिक सर्बांच्या हाती ओलीस गेले. हवाई मदतीच्या मागण्या खालून वर जात राहिल्या आणि वर अडकत राहिल्या. झाग्रेबमधले राष्ट्रसंघाचे सेनाप्रमुख जनरल बर्नार जाँव्हिए यांनी 10 जुलैच्या रात्री विमानं पाठवली नाहीत. 11 जुलैच्या दुपारी दोन विमानांनी बॉम्ब टाकले, त्यावर ओलिसांना मारण्याची आणि निर्वासितांवर तोफा डागण्याची धमकी आली आणि पुढचे हल्ले थांबले. हेगमधून डच संरक्षणमंत्र्यांनीच ते थांबवण्याची विनंती केली होती. त्याच दुपारी म्लादिच कॅमेऱ्यासमोर स्रेब्रेनित्साच्या रिकाम्या रस्त्यावरून चालत गेला.

या पाच दिवसांवर अहवालांचे ढीग आहेत. डच सैनिक लढले असते तर काय झालं असतं, हा वाद अजून चालू आहे. मी तो इथे सोडतो. चारशे माणसांनी रणगाड्यांपुढे उभं राहायला हवं होतं, असं आरामात बसून म्हणण्याचा मला अधिकार वाटत नाही.

बॅटरीचा कारखाना

डच तळ म्हणजे एक जुना बॅटरी कारखाना. मोठाले शेड, सिमेंटची जमीन, भोवती तारेचं कुंपण. 11 जुलैच्या दुपारपासून वीस-पंचवीस हजार माणसं गावातून चालत तिथे आली, मुख्यतः बायका, मुलं, म्हातारी. धडधाकट पुरुषांपैकी बहुतेक, दहा-पंधरा हजार, जंगलाच्या वाटेने बोस्नियाकांच्या ताब्यातल्या तुझला शहराकडे निघाले होते, कारण सर्बांच्या हाती लागलो तर काय होईल याबद्दल त्यांना शंका नव्हती. डचांनी कुंपणाला भगदाड पाडून सुमारे पाच हजार लोकांना आत घेतलं, मग जागा भरली म्हणून वाट बंद केली. बाकीचे बाहेर, रस्त्यावर, बंद पडलेल्या कारखान्यांच्या आवारात, जुलैच्या उन्हात, पाण्यावाचून.

त्या रात्री जवळच्या, सर्बांच्या ताब्यातल्या ब्रातुनात्स गावच्या हॉटेल फोंटानामध्ये कारेमन्स म्लादिचसमोर उभे होते. हातात पेला घेतलेलं त्यांचं छायाचित्र जगभर फिरलं आणि त्यावरून त्यांची यथेच्छ नाचक्की झाली. मला ते छायाचित्र फारसं महत्त्वाचं वाटत नाही. घाबरलेल्या माणसाच्या हातात जेत्याने पेला दिला, एवढंच ते सांगतं. महत्त्वाचं ते जे दुसऱ्या दिवशी उजेडात घडलं.

12 जुलैला बसगाड्या आल्या. बायका-मुलांना त्यात चढवू लागले आणि गाडीपर्यंत जाण्याच्या वाटेवरच सर्ब सैनिक पुरुषांना बाजूला काढू लागले. मोठ्या माणसांबरोबर कोवळे मुलगेही. त्यांना समोरच्या एका घरात नेलं, त्याला सगळे 'पांढरं घर' म्हणत. त्या घरासमोर त्यांची पाकिटं, पिशव्या, ओळखपत्रं, पासपोर्ट काढून ढिगात टाकले जात होते. हा ढीग डच सैनिकांनी डोळ्यांनी पाहिला. ज्या माणसाला चौकशी करून सोडायचं आहे, त्याचं ओळखपत्र कुणी ढिगात फेकत नाही. जवळच्या ओढ्यापाशी नऊ पुरुषांची प्रेतं पडलेली दोन डच सैनिकांना दिसली. बसगाड्यांमागून सोबत म्हणून निघालेल्या डच जीपा सर्बांनी हिसकावून घेतल्या, म्हणजे पुढे काय होतं ते कुणी पाहू नये याची तजवीज चालली होती. रात्री पांढऱ्या घराच्या बाजूने किंकाळ्या येत होत्या.

तेव्हा 'आम्हाला माहीत नव्हतं' हा बचाव 13 जुलैच्या दुपारनंतर उभा राहत नाही. आठ हजार माणसं मारली जातील, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, हे मान्य. पण या फाटकातून बाहेर जाणाऱ्या पुरुषाचा जीव धोक्यात आहे, हे कळायला तेवढं ठाऊक असण्याची गरज नव्हती.

यादी

फ्रांकन यांना ते कळलं होतं, याचा सगळ्यात मोठा पुरावा त्यांनी स्वतःच मागे ठेवला. आतल्या पुरुषांची नावं लिहून घ्या, असं त्यांनी निर्वासितांच्या प्रतिनिधींना सांगितलं. 239 जणांची यादी झाली. काहींनी नाव द्यायला नकार दिला. यादी फॅक्सने बाहेर पाठवली आणि सर्ब अधिकाऱ्याला सांगितलं की ही नावं आता बाहेर पोचली आहेत. कल्पना अशी की नावं जगाला ठाऊक आहेत म्हटल्यावर त्यांना हात लावायला ते कचरतील.

मी ही यादी वाईट हेतूने केली असं म्हणत नाही. उलट त्या दोन दिवसांत विचार करून केलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ती एक होती. पण ज्याला यादी करावीशी वाटली, त्याला भीती वाटत होती. आणि भीती वाटत असताना ती माणसं आपल्याच कुंपणात होती. यादी त्यांच्याबरोबर बाहेर जाऊ शकत नव्हती, फाटक मात्र बंद ठेवता येत होतं.

दुभाषा

हसन नुहानोविच राष्ट्रसंघाच्या लष्करी निरीक्षकांचा दुभाषा होता. त्याच्याकडे राष्ट्रसंघाचं ओळखपत्र होतं, त्यामुळे त्याला डचांबरोबर राहता येणार होतं. त्याचे आईवडील आणि धाकटा भाऊ मुहामेद तळावर आसऱ्याला आले होते. वडील इब्रो हे म्लादिचशी बोलणी करायला नेलेल्या तीन नागरिकांपैकी एक, म्हणून त्यांनाही थांबायची परवानगी मिळाली. मुहामेदला नाही. त्याचं नाव कर्मचाऱ्यांत घाला, अशी विनवणी हसनने केली. फ्रांकननी नकार दिला. खोटं ओळखपत्र सर्बांनी पकडलं तर खऱ्या कर्मचाऱ्यांचाही जीव जाईल, असं त्यांचं म्हणणं.

तळ सोडा, असं निर्वासितांना सांगायचं होतं आणि सांगणारा दुभाषा हसनच होता. त्या लोकांत त्याचं घर होतं. मुलाला एकट्याला कसं पाठवायचं म्हणून वडीलही आई आणि मुहामेदबरोबर बाहेर गेले. तिघांपैकी कुणी परत आलं नाही.

रिझो मुस्ताफिच हा डच बटालियनसाठीच काम करणारा इलेक्ट्रिशियन. त्याला थांबता आलं असतं. त्याला चुकीचं सांगितलं गेलं की जावं लागेल, आणि तो बायकामुलांसह फाटकाकडे गेला. बाहेर त्याला वेगळं काढलं.

फ्रांकन यांच्या नकाराकडे मी बराच काळ नुसता निष्ठुरपणा म्हणून पाहू शकलो नाही. इतरांचा जीव जपायचा हा विचार खोटा नाही. पण त्यात एक गोष्ट धरून चाललेली आहे: कागद असेल तोच आत राहू शकतो. हा नियम म्लादिचने घातलेला नव्हता, तो तळावरच तयार झाला होता. राष्ट्रसंघाच्या तळावर आसऱ्याला आलेल्या माणसाला आत राहायला त्याचं माणूस असणं पुरेसं होतं, ओळखपत्राचा प्रश्नच यायला नको होता.

काय करता आलं असतं

बचावाचं सगळ्यात भक्कम म्हणणं असं की पुरुषांना आत ठेवलं असतं तर सर्बांनी तळावर तोफा डागल्या असत्या आणि आतल्या हजारो बायका-मुलांचा बळी गेला असता. याला वजन आहे. पण क्रम पाहा. आधी कुंपणाबाहेरच्या लोकांना नेलं, ते 13 जुलैपर्यंत संपत आलं, आणि मग आतल्यांची पाळी आली. आतल्या बायका-मुलांना जाऊ देऊन पुरुषांना थांबण्याची मुभा देणं तेव्हा शक्य होतं. ज्यांना कुटुंबाबरोबर जायचं असेल ते गेले असते. पाणी आणि अन्न कमी होतं, पण 350 माणसांना पुरवायचं होतं, पाच हजारांना नव्हे. डच बटालियन त्याच तळावर 21 जुलैपर्यंत राहिली, म्हणजे आणखी आठ दिवस, आणि ओळखपत्र असलेले हसनसारखे लोक तिच्याबरोबर सुखरूप बाहेर पडले. त्या आठ दिवसांत म्लादिचने तळावर चढाई केली नाही.

'वरून हुकूम होता' हेही पुरतं खरं नाही. 11 जुलैच्या संध्याकाळी सारायेव्होहून राष्ट्रसंघाच्या सैन्याचे जनरल गोबिलियार यांचा आदेश आला होता, त्यात निर्वासितांच्या रक्षणासाठी शक्य ते सगळं करा असं होतं. त्याच रात्री झाग्रेबमध्ये डच सेनाधिकारी आणि जनरल जाँव्हिए यांच्यात बटालियन आणि निर्वासित दोघांनाही बाहेर काढायचं ठरलं. निर्वासितांना बाहेर काढायचं म्हणजे कुणाच्या हाती द्यायचं, हे त्या बैठकीत ठरायला हवं होतं.

त्याच्या पंधरा महिने आधीच, एप्रिल 1994 मध्ये, रवांडाच्या नरसंहारात, किगालीतल्या एका तांत्रिक शाळेतून राष्ट्रसंघाचे बेल्जियन शांतिसैनिक निघून गेले होते. आसऱ्याला आलेले दोन हजारांवर लोक त्यांच्या मागे राहिले आणि त्याच दिवशी बहुतेक मारले गेले. राष्ट्रसंघाच्या कुठल्याही मुख्यालयात ही गोष्ट नवीन नव्हती.

पोतोचारीतून नेलेले पुरुष ब्रातुनात्समधून पुढे वेगवेगळ्या ठिकाणी नेले गेले. जंगलात पकडलेल्यांपैकी हजारावर लोक 13 जुलैलाच क्रावित्साच्या गोदामात मारले. मग हत्येच्या पुढच्या जागा: ओराहोवात्स, कोझलुक, 16 जुलैला ब्रान्येवोचं शेत. नंतर प्रेतं उकरून यंत्रांनी दुसरीकडे पुरली, त्यामुळे एकाच माणसाची हाडं अनेक खड्ड्यांत सापडली. डीएनएवरून जवळपास सात हजार जणांची ओळख पटली आहे.

न्यायालयात

म्लादिचला 2017 मध्ये जन्मठेप झाली आणि 2021 मध्ये ती कायम झाली. मारणारा तोच, याबद्दल वाद नाही. नुहानोविच आणि मुस्ताफिच कुटुंबीयांचा दावा निराळा होता, तो नेदरलँड्स सरकारविरुद्ध. सरकारचं म्हणणं, सैनिक राष्ट्रसंघाचे होते, आम्हाला विचारू नका. 2008 मध्ये हेगच्या जिल्हा न्यायालयाने ते मान्यही केलं. 2011 मध्ये अपील न्यायालयाने फिरवलं आणि 6 सप्टेंबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. एकच कृत्य राष्ट्रसंघाचं आणि देशाचं, दोघांचंही असू शकतं, आणि त्या दिवसांत तळावर प्रत्यक्ष ताबा डच सरकारचाही होता, असं न्यायालय म्हणालं. शांतिसेना पाठवणाऱ्या प्रत्येक देशासाठी, त्यात भारतही आला, हा निकाल मोठा आहे.

'स्रेब्रेनित्साच्या माता' या मृतांच्या नातेवाईक बायकांच्या संघटनेचा दावा आणखी लांबला. त्यांना राष्ट्रसंघावरही खटला भरायचा होता. राष्ट्रसंघाला न्यायालयीन संरक्षण आहे, असं सांगून डच सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये आणि युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 2013 मध्ये ते दार बंद केलं. उरलं डच सरकार. 2017 मध्ये अपील न्यायालय म्हणालं की 350 पुरुष आत राहिले असते तर वाचण्याची शक्यता तीस टक्के होती, म्हणून सरकारची जबाबदारी तीस टक्के. 19 जुलै 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती दहा टक्के केली.

दहा टक्के हा आकडा ऐकून माता उद्विग्न झाल्या, आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. नुकसानभरपाईच्या कायद्याला गमावलेल्या शक्यतेचं माप लागतं, हे मला कळतं. पण त्याच निकालातलं खरं वाक्य वेगळं आहे: या पुरुषांना आत राहण्याची निवड करू द्यायला हवी होती आणि ती दिली नाही, हे बेकायदा होतं. निवड न देणं दहा टक्के असू शकत नाही. त्यांना कुणी विचारलंच नाही.

विशीतल्या सैनिकांवर सगळा दोष टाकणंही मला पटत नाही. 2002 मध्ये चौकशी अहवालानंतर डच पंतप्रधान विम कॉक यांचं सरकार पायउतार झालं. 2022 मध्ये डच पंतप्रधानांनी बटालियनच्या माजी सैनिकांची माफी मागितली, कारण पुरेशी साधनं न देता त्यांना तिथे पाठवलं होतं, आणि पुढच्याच महिन्यात संरक्षणमंत्र्यांनी पोतोचारीत जाऊन नातेवाइकांची माफी मागितली. दोन्ही माफ्या योग्य होत्या. कारेमन्स आणि फ्रांकन यांच्यावर फौजदारी खटला मात्र झाला नाही.

नंतरचं फाटक

ऑक्टोबर 1999 मध्ये सिएरा लिओनच्या मोहिमेपासून नागरिकांचं रक्षण हे काम शांतिसेनेच्या आदेशपत्रात स्पष्ट शब्दांत येऊ लागलं. तरी 'आपल्या क्षमतेनुसार' ही मर्यादा त्यात कायम असते, आणि क्षमता किती द्यायची हे परिषदच ठरवते.

डिसेंबर 2013 मध्ये दक्षिण सुदानात यादवी पेटली तेव्हा जुबामधल्या तळांची फाटकं उघडली गेली आणि हजारो लोक आत आले. आधी योजना नव्हती, जागा नव्हती, संडास नव्हते, तरी उघडली. पुढे कित्येक वर्षं लाखावर माणसं अशा तळांच्या आवारात राहिली. त्याची किंमत पडली. 19 डिसेंबर 2013 रोजी अकोबोच्या छोट्या तळावर आश्रयाला आलेल्या दिन्का जमातीच्या लोकांना मारण्यासाठी सशस्त्र जमाव चाल करून आला. तळावर भारतीय सैनिक होते. त्यांतले दोघे मारले गेले, आश्रयाला आलेल्यांपैकीही अनेक मेले. स्रेब्रेनित्साच्या बचावात जी भीती सांगितली जाते ती काल्पनिक नाही, हे अकोबोने दाखवलं. आणि ती भीती समोर असताना त्या सैनिकांनी लोकांना आत घेतलं होतं, हेही दाखवलं.

पोतोचारीचा तो बॅटरी कारखाना आता स्मारक केंद्र आहे, समोर कबरस्तान. दरवर्षी 11 जुलैला त्या वर्षी ओळख पटलेल्यांना तिथे पुरतात. 350 जणांच्या वारसांसाठी डच सरकारने 2021 मध्ये भरपाईची योजना सुरू केली. राष्ट्रसंघाविरुद्धचा त्यांचा दावा कुठल्याच न्यायालयाने ऐकून घेतला नाही.